पाच कड्यांची रांगोळी

रांगोळीचा रंग बोटांना लागला की माझं डोकं अजून तापतं. बोरीजवळच्या आमच्या गावात शाळेचा क्रीडादिन होता, आणि ऑलिंपिकची पाच कडी मैदानात काढायचं काम आम्हा पोरींवर आलं, तेही शर्यतीत पळणाऱ्या पोरींवर. सडा टाकला, परात पालथी घालून एकमेकांत अडकलेली गोल कडी आखली, निळा, पिवळा, काळा, हिरवा, लाल रंग भरला. उकिडवं बसून पायांना मुंग्या आल्या. पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्यांनी रांगोळीपुढं फोटो काढून घेतला आणि माईकवरून आम्हालाच सांगितलं, ही कडी म्हणजे पाच खंड, इथं सगळे बरोबरीनं उतरतात. टाळ्या पडल्या. मग पोरांच्या सगळ्या शर्यती झाल्या, आणि आमची पाळी आली तसे सर म्हणाले, "पोरींचं ऱ्हाऊ द्या आता, लय उशीर झालाय. तुमची रांगोळी झाली की झ्याक!" मी वेणी घट्ट बांधून, अनवाणी, फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर उभी होते. मी पळाले. सरळ त्या पाच कड्यांवरून पळाले. "रांगोळीवर पाय देतीस? लाज न्हाई वाटत?" सर मागून ओरडत होते. काल माझ्या लेकीच्या शाळेतून फोनवर निरोप आला, क्रीडादिनाला मुलींनी रांगोळीसाठी लवकर यावं. मी उत्तर धाडलं: ती पळायला येईल, रांगोळी पाहुण्यांकडून काढून घ्या.