अण्णांना न उघडणारं कुलूप

"अण्णांना उघडता येणार नाही असं कुलूप मीच बसवून देतो, बाहेरचा माणूस कशाला?"

शुश्रूषागृहाच्या व्यवस्थापक बाईंसमोर मास्टर हे बोलून गेला तेव्हा त्याची छाती चांगली चार बोटं फुगली होती. वडिलांचं कुलपांचं दुकान आता तो चालवायचा, म्हणून गल्ली त्याला मास्टर म्हणे. कोणाच्याही बंद दारासमोर तो सर्जनसारखा चेहरा करून उभा राही.

अण्णांनी त्या महिन्यात तीनदा दार उघडलं होतं. एकदा हेअरपिनने, एकदा चमच्याच्या दांड्याने, तिसऱ्यांदा कशाने ते संस्थेला अजून कळलेलं नाही. मुलाला विसरलेला, जेवलो की नाही हे विसरलेला माणूस कुलूप तेवढं विसरायला तयार नव्हता. तिसऱ्या वेळी ते चौकातल्या बँकेसमोर सापडले. शटर हलवून बघत होते आणि नापसंतीने मान हलवत होते.

"फार हुशार आहेत हो तुमचे वडील," बाई म्हणाल्या होत्या. "पुन्हा हुशारी केली तर मात्र घरी न्यावं लागेल."

घर म्हणजे दुकानामागची एक खोली, आणि दिवसभर लोकांची दारं उघडत हिंडणारा, एकटा मास्टर.

त्याने बहिणीला फोन केला. ती परगावी राहून फोनवरून अण्णांची सेवा करायची, आणि त्यात तिने कधी कसूर केली नाही.

"दादा, अरे बाहेरच्याला सांग ना. निदान अण्णांच्या शिव्या तरी त्याला लागतील."

"बाहेरचा वेडंवाकडं बसवतो."

"मग बसव बाबा सरळ. चांगलं नाव काढ घराण्याचं."

मास्टरने नाव काढलं. किल्लीचं भोक फक्त बाहेरून. आत साधी पोलादी पट्टी; नर्सला बाहेर पडायचं तर तिनेही बेल वाजवायची. पट्टीला स्क्रू असे लावले की पिळले तर घट्ट होतील, सैल कधीच होणार नाहीत. शेवटी सवयीने चारही स्क्रूंच्या खाचा नीट उभ्या केल्या. ही घरची रीत. लहानपणी एखादी आडवी राहिली की अण्णांची टपली बसे.

अण्णा मागे खुर्चीत बसून सगळं बघत होते. उठले, पट्टीवरून अंगठा फिरवला. एक खाच, दुसरी, तिसरी, चौथी.

"हे आमच्या पोराचं काम," ते म्हणाले.

मास्टरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "अण्णा, मीच तो."

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही? काहीतरीच काय! तुमचे केस पिकलेत. आमचं पोर शाळेत आहे." मग पट्टीवर टिचकी मारून, कौतुकाने: "झकास बसवलंय. मलाच उघडेना बघा. असू दे, तो आला की उघडेल."

अशा रीतीने संस्थेचा प्रश्न मिटला. अण्णांनी पळायचं सोडलं. ते दारापाशी खुर्ची टाकून पोराची वाट बघू लागले. पोर दर रविवारी यायचं, बेल वाजवायचं, आत येऊन समोर बसायचं. अण्णा सभ्यपणे म्हणायचे, "अहो, जरा सरका. दार दिसत नाही." मास्टर सरकायचा. तासभर दोघे मिळून दाराकडे बघायचे. वडिलांना वेळ देत नाही, असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

पुढे खुर्ची सुटली, पलंग आला, मग बोलणंही गेलं. कुलूप बसवल्यापासून आठव्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी अण्णा गेले.

सामानाची पिशवी नर्सने आणून दिली. "बोलणं जाईपर्यंत एकच विचारायचे," ती म्हणाली, "पोरगा आला का?"

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"आम्ही सांगायचो, निघालाय, येईलच आता."

मास्टरने पिशवीचे बंद बांधले. एकदा बांधलेले सोडले, पुन्हा बांधले.

एवढ्यात व्यवस्थापक बाई हात जोडून आल्या. चेहऱ्यावर वेळेला शोभेलसं दुःख होतं, पण कौतुक त्यांना आवरेना. "काही म्हणा, कामाला तोड नाही तुमच्या. एवढे जाणकार, पण शेवटपर्यंत उघडलं नाही हो त्यांना! आता बायकांच्या बाजूलाही असंच एक बसवून द्या. तिथे एक आजी फार पळतात. त्यांच्या मुलाला मी सांगितलंय, आमचा माणूस घरचाच आहे."

मास्टरने पिशवी उचलली. बाईंकडे बघितलं, नर्सकडे बघितलं, आणि तो बाहेर पडला.