कचेरीतलं मचाण

माणसाच्या निम्म्या दुःखांचं मूळ खुर्चीत असतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका सरकारी नोकरीत निघाला. कुरखेड्याच्या आमच्या कचेरीतले मोठे बाबू. समोर कोणीही आलं की ते अर्जाआधी त्याची पाठ बघत. "अर्ज मंग, पहिले वाकून दाखव," असं म्हणत, आणि दाखल्यासाठी आलेला बापडा सगळ्यांदेखत वाकून दाखवी. मी राजुऱ्याहून बदलून आलो, तेव्हा नाव विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या टेबलाखाली धान मोजायची पायली पालथी घातली आणि तिच्यावर माझे पाय ठेवायला लावले. मग संगणक जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर चढवला. "मान झुकवाची ते साहेबासमोर. कामात काऊन झुकवतं?" पाठीला त्यांनी सावरीच्या कापसाची उशी बांधून दिली. ती इतकी मऊ होती, की जेवणानंतर आपण कोणत्या खात्यात आहोत हेच मला आठवेना.

त्यांची स्वतःची पाठ मात्र कशालाच बधत नव्हती. शेवटी त्यांना शोध लागला. रानडुकरांपासून धान राखणारी माणसं रात्र रात्र मचाणावर बसतात, पण त्यांतला एकही कधी पाठीची तक्रार घेऊन आला नाही. "पाय लटकले का पाठ मोकळी!" आठवडाभरात कचेरीत छातीएवढ्या उंचीचं बांबूचं मचाण उभं राहिलं. बाबू शिडीनं वर चढत, पाय सोडून बसत आणि फायली दोरीच्या टोपलीतून वर ओढून घेत. लोकही सही घ्यायला वर चढू लागले. एक म्हातारी चढली ती तिथंच आडवी झाली. दाखला तयार आहे, खाली या, असं आम्ही किती विनवलं. "राहू द्या जी, घरी एवढं सुख नाई," एवढं बोलून तिनं कूस बदलली.

ही वार्ता गडचिरोलीला, जिल्ह्याच्या साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मचाण काढा, नाहीतर जिल्ह्याच्या पार टोकाला सिरोंच्याला जा, असा निरोप आला, आणि बाबूंचं तोंड उतरलं. नोकरीभर बदल्यांमागे फिरून ते आता कुठे आपल्या गावी परतले होते. घर हाकेच्या अंतरावर होतं. दुपारी त्यांची बायको, आमच्या काकू, गरम भात घेऊन येत आणि दोघं मचाणावर पाय सोडून जेवत. "मले इथूनच रिटायर होवाचं हाये," असं ते मला रोज सांगत.

साहेब स्वतः तपासणीला आले ते खड्ड्यांतून आदळत, आणि कमरेवर हात ठेवून जीपमधून उतरले. बाबूंनी हात जोडले. "तोडा साहेब, पन एक खेप बसून तं पाहा." साहेब कुरकुरत चढले, पाय सोडले आणि त्यांच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला की फाटकातला चपराशी धावत आला. पुढची तपासणी त्यांनी घोरत केली. आम्ही पंखाही हळू लावला. उतरताना साहेबांनी बाबूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळी कचेरी हसली. त्या दिवशी बाबूंनी सगळ्यांना चहा पाजला.

साहेब खूश झाले, तिथंच घात झाला. पुढच्याच आठवड्यात हुकूम आला. मचाण जिल्ह्याच्या कचेरीत बसवावं, आणि त्याची देखभाल करायला मोठ्या बाबूंची बदली तिथंच करण्यात येत आहे. ट्रकमध्ये बांबू बांधले गेले आणि ड्रायव्हरशेजारी बाबू बसले. धानाची राखण होती म्हणून काकू मागे राहिल्या. मी उगाच दोऱ्या ओढून बघत राहिलो.

परवा कामानिमित्त गडचिरोलीला गेलो होतो. मचाणावर साहेब होते आणि खाली एका लोखंडी खुर्चीवर बाबू, पाठ चोळत बसलेले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "घरी सांगजो, इथी लई आराम हाये म्हनून."

मी तसंच जाऊन सांगितलं. काकू धान पाखडत होत्या. सूप थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आराम हाये तं रोज सांजच्याले फोन करून काऊन रडून राह्यले मंग?"