लिंबू धरणारी

भयावर विजय मिळवणं हाच शस्त्रविद्येचा अंतिम हेतू होय. वर्ध्यातल्या आमच्या व्यायामशाळेत हा विजय दरवर्षी दसऱ्याला, संध्याकाळी, मंडप टाकून मिळवला जाई. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर तो थोडा लांबणीवर पडे.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी दहावीत होते आणि नालवाडीहून सायकलनं लाठी शिकायला येत असे. मुलींना लाठीपुरतंच ठेवलेलं, दांडपट्टा मुलांचा. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढे लांब, लवलवतं पातं. प्रात्यक्षिकाचा शेवट ठरलेला असे. कुणीतरी तळहातावर लिंबू धरून उभं राहायचं आणि वस्तादांनी पट्ट्यानं त्याचे दोन तुकडे करायचे. धरणाऱ्याचे डोळे लाल पट्टीनं बांधत. डोळे बांधले की भीती आत शिरत नाही, असं वस्ताद सांगत. त्यांचं कापडाचं दुकान होतं; पट्टी तिथलीच.

त्या वर्षी लिंबू धरणारा नेहमीचा मुलगा नागपूरला कॉलेजात गेला. बाकीच्यांचे गुडघे एकाएकी दुखू लागले. मी म्हटलं, मी धरते.

"पोरीच्या हाताले काही झालं तं लगन कोण करीन तिच्याशी?" वस्ताद म्हणाले.

"अन् पोराच्या हाताले झालं तं चालते काय?"

"तुले लय बोलता येते."

"उभंबी राहता येते, वस्ताद."

घरी आईनं एवढंच विचारलं, उजवा की डावा? डावा म्हटल्यावर ती पुन्हा पोळ्या लाटू लागली.

सरावाला पट्टी बांधली आणि माझी फजिती झाली. पातं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सूं झालं की हात मागे जाई आणि लिंबू मातीत.

"ए लिंबूबाई, घरी जाय, लोणचं घाल!" मुलगे ओरडले. वस्तादांनी बजावलं, दसऱ्याआधी पुन्हा हात हलला तर दुसरं कोणी पाहीन.

दुसरं कोणी नव्हतंच, पण मला ते सिद्ध करून घ्यायचं नव्हतं. मला तिथं उभं राहायचं होतं. रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं, मला पात्याची भीती वाटतच होती. पण ते कुठं आहे हे न कळण्याची त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी वस्तादांना म्हटलं, पट्टी नको. ते म्हणाले, तसा रिवाज नाई. मग उरलेल्या सरावात मी दात आवळून हात स्थिर धरला आणि कसंबसं निभावलं.

दसऱ्याला पाहुण्यांनी आधी निर्भयतेवर बरंच बोलून घेतलं. मग मला मधोमध उभं केलं. वस्तादांनी पट्टी बांधली, चार पावलं मागे गेले, आणि मी ती काढून कमरेला खोचली.

"बांध," वस्ताद दबक्या आवाजात म्हणाले.

"नाई बांधत."

"पोरी, लोकं पाहून राह्यले."

"मीबी पाहूनच राह्यली."

त्यांनी पट्टा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला, पुन्हा थांबले. लोकांना वाटलं, रंगत वाढवताहेत, टाळ्या पडल्या. लिंबू सरळ करायच्या निमित्तानं ते जवळ आले. मिशीवर घाम होता.

"माह्याकडे नको पाहू. मले भेव लागते."

इतकी वर्षं पट्टी कुणासाठी होती, ते तेव्हा कळलं.

"मलेबी लागते," मी म्हटलं. "पण हात हालत नाई. मारा."

पातं आलं. येताना पाहिलं, जाताना पाहिलं. तळहातावर गार रस उतरला. एक फोड घरंगळत पाहुण्यांच्या बुटापाशी गेली आणि त्यांनी पाय घाईनं खुर्चीखाली घेतले.

आभाराच्या वेळी वस्तादांच्या अचल नजरेचा गौरव झाला. मंडप उतरवत होते तेव्हा मी त्यांना पट्टी परत दिली.

"पुढल्या वर्षीबी मीच," म्हटलं.

"पाहू," ते म्हणाले.

पुढल्या वर्षीपासून लिंबू स्टुलावर ठेवू लागले.