देवाजींचे पाच थर्मामीटर

श्री. देवाजी रामटेके यांची आणि माझी ओळख झाली ती मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर फोडला तेव्हा. एम.एस्सी.ला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. पारा फरशीवर पसरलेला आणि मी रडकुंडीला आलेली. "काहून घाबरता बाई? काच हाये, फुटते कधी," एवढेच ते म्हणाले आणि कागदाच्या घडीने पारा गोळा करू लागले. नागपूरच्या आमच्या पदार्थविज्ञान विभागातील उपकरणे तपासणारे आणि दुरुस्त करणारे ते सहायक. सहायकाच्या साठीनिमित्त विद्यार्थ्यांनी ग्रंथ काढावा, हे आमच्याकडे प्रथमच घडते आहे. ते का, ते सांगते.

साठचे दशक संपत आले असताना मी समुद्राच्या तापमानाचा अभ्यास करणाऱ्या एका गटात दाखल झाले. ऐन पावसाळ्यात आमचे जहाज केरळच्या किनाऱ्यावर गेले. सोबतचे पाचही थर्मामीटर देवाजींनी तपासून दिले होते. किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात वरचे पाणी कोमट लागत होते; किनारा जवळ येताच थोड्याच अंतरात पारा चार-पाच अंश उतरला. गरम पाणी संपून गार पाणी सुरू होण्याची जणू सीमाच तिथे होती. वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी तळचे गार पाणी वर येते, असे माझे म्हणणे. गटप्रमुखांना ते पटले नाही. थर्मामीटरच सदोष आहेत, असे ठरवून त्यांनी माझ्या साऱ्या नोंदी बाजूला ठेवल्या आणि तसे आमच्या विभागाकडून, म्हणजे देवाजींकडून, लेखी मागवले.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "देवाजी, द्या लिहून अन् मोकळे व्हा."

"तपासल्याबिगर कसं लिहू, सर? खराब निघाले तं मीच लिहीन."

भुशातला बर्फ आणवून, वितळत्या बर्फात पारा बरोबर शून्यावर येतो का ते पाहण्यापासून सुरुवात करून देवाजी तीन दिवस थर्मामीटर तपासत बसले. चार अचूक निघाले. वाचलेल्या अंशांत किती दुरुस्ती करायची याचा तक्ता ते प्रत्येक थर्मामीटरसोबत देत; पाचव्याच्या तक्त्यात मात्र त्यांच्याच हातून अर्ध्या अंशाची चूक झाली होती.

मी गयावया केली, "त्या एकाचं नका ना लिहू. साहेब सगळंच रद्द करतील."

"बाई, हे लपवलं तं बाकी चौघाईवर कोन विश्वास ठेवीन?"

 त्यांनी आपली चूक स्वच्छ अक्षरात लिहिली आणि खाली सही केली. तो कागद गटप्रमुखांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "स्वतःची चूक लिहिणारा माणूस उरलेल्या चारांबद्दल खोटं सांगणार नाही." माझ्या नोंदी परत आल्या. पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा गेलो; गार पाण्याचा पट्टा तिथेच होता.

त्यांचा जिव्हाळाही असाच, न बोलता दिसणारा. माझे वडील धंतोलीच्या दवाखान्यात होते आणि माझी तोंडी परीक्षा होती, तेव्हा रजा टाकून देवाजी दिवसभर त्यांच्या उशाशी बसले. मला ते वडिलांकडून कळले.

अहवाल छापून आला तेव्हा आभारातले त्यांचे नाव मी त्यांना वाचून दाखवले. ते ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "अन् त्या खराबाचं लिहिलं का?"

"लिहिलंय."

"मंग ठीक हाये."

देवाजींना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. आमचे काम तपासायला, आणि चुकले तर तोंडावर सांगायला, ते आम्हाला पुष्कळ वर्षे हवे आहेत.