मीठ घातलेली कलमं बघायला आंजर्ल्याला

बाबांचा फोन आला, "तुझी कलमं जळतायत. रविवारी चिरेखाणवाला येतोय, कातळ त्याला चिरे काढायला देऊन टाकतो." मी जामनगरला पाइप फिटर. त्या कातळावर खड्डे मारून, माती भरून हापूसची कलमं लावली ती एवढ्यासाठीच, की ती धरली की नोकरी सोडून घरी जायचं. फोन ठेवला आणि निघालोच.

वसईला गाडी बदलून खेडला उतरा. पुढे दापोलीपर्यंत एसटी, सुट्टे पैसे जवळ ठेवा. दापोली स्टँडबाहेर वडा-उसळ खाल्ली, पोट टम्म. मग आंजर्ल्याची गाडी. वळणावळणाला समुद्र दिसतो, झोपू नका.

घरी पिशवी टाकली आणि थेट कातळावर. पानांच्या कडा विडीचा चटका दिल्यासारख्या तपकिरी. आई मागून आली, हळूच म्हणाली, "बाबांनी मीठ घातलान."

"आंब्याला?"

बाबा ठाम. "माडाला घालतो, माड खूश. आंब्यानं काय घोडं मारलंय?"

माडाच्या आळ्यात आमच्याकडे सगळेच मीठ घालतात. आंब्याला घालणारे आमचे बाबा पहिलेच. हसून हसून पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात जळकं कलम उपटलं आणि बाइकवरून दापोलीच्या शेतकी लॅबमध्ये नेलं. तिथल्या मॅडमनी मुळाचा पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. बघतो तर आत नुसत्या पाइपा! शेजारी चांगल्या मुळाचा काप होता, त्यातल्या रुंद. आमच्या मुळातल्या बारीक, आणि बाहेरून जाड भिंत चढलेली.

"मीठ आत येऊ नये म्हणून झाड भिंत जाड करतं," मॅडम म्हणाल्या. "पानही जाड होतं, पाणी जपायला."

"म्हणजे मेलेलं नाही?"

"झगडतंय. बाकीच्यांची वरची माती काढा, गोडं पाणी भरपूर सोडा."

परत येताना बाइकवर मोठमोठ्यानं गात होतो, लोक वळून बघत होते. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाइपवाला ना तू? मग टाक की पाइप." खालच्या विहिरीवरून कातळापर्यंत पाइप टाकला. कलमांची वरची माती बाबांनीच उकरून काढली, मला हात लावू दिला नाही.

रविवारी चिरेखाणवाला आला. बाबा पाइप धरून उभे. "आत्ता नाय जमायचा. कलमं पाणी पितायत."

जामनगरला परतलो. काही कलमं गेलीच. पण काल फोटो आला, एका कलमाला तांबूस पालवी. रूमवरचा ओडिशाचा जोडीदार म्हणाला, पान लाल पडलंय, रोग दिसतोय. आंब्याची नवी पालवी तांबूसच असते, ते त्याला समजावता समजावता जेवण गार झालं. आज सकाळी साहेबाला सांगून टाकलं, पावसाळ्यापर्यंतच आहे मी.