पाणी दिलेली धावपट्टी
ओल्या गवताचा वास आला की मला सौंसरजवळची ती गवताची धावपट्टी आठवते. पाहुण्यांना घेऊन निघालेल्या छोट्या विमानाचं पुढचं चाक ऐन वेगात मातीत रुतलं, नाक खाली गेलं आणि नाकावरचा पंखा वाकला. सगळे चालत बाहेर आले. बातमीसाठी मी तिथे पोचलो; पाऊस नव्हता, तरी माझे बूट चिखलाने भरले. चौकीदाराने मला बाजूला घेतलं. "पाहुणे जाऊन राहिले होते जी, त्याईच्या पांढऱ्या कपड्यावर धूळ नको म्हून काल दिवसभर पाणी सोडलं." शेजारच्या बागेतला शेतकरी हसला, "अरे बुवा, पट्टी हाये का संत्र्याचा बगीचा? ओलीत करून राहिला!" चौकीदार हसला नाही. "लिहू नका साहेब, माही नोकरी जाईन." मी 'जमीन नरम होती' एवढंच लिहिलं. आठवड्याने वैमानिकाचा फोन आला. चौकशी संपेपर्यंत त्याचं उड्डाण बंद होतं. पाण्याबद्दल कोणी काही बोललं होतं का, असं त्याने विचारलं. मी 'नाही' म्हणालो. बातमीत मी कधी खोटं लिहिलं नाही, असं आजही सांगतो. ते खरंच आहे. खोटं मी फोनवर बोललो.