दिवाणजींच्या खोळीची गाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढे बसायचो तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिलो. सदुसष्ट वर्षं झाली. आणि आजही सांगितलं नसतं, पण गेल्या रविवारी माझ्याच घरात, माझ्यासमोर, माझं कौतुक झालं आणि मला संताप आला. स्वतःचं कौतुक ऐकून संतापणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मग वाचा.

नातीनं एक पोपट आणला. परदेशी, राखाडी, पिवळ्या तुऱ्याचा. आम्ही इंदूरला, अन्नपूर्णा भागात, फ्लॅटमध्ये राहतो. दिवाणखान्यात टीव्ही चालू, दिवे चालू, आणि तो पिंजरा मधोमध. चार दिवसांत पाखरू किंचाळायला लागलं. नातीनं मोबाइलवर वाचून काढलं की पोपटाला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते, तीही रोज ठरल्या वेळी. तर माझा मुलगा म्हणाला, "अगं, मोबाइलमध्ये काय बघतेस, आजोबांना विचार. त्यांनी दिवाणजींना झोपेची शिस्त लावली होती. पूरा मल्हारगंज बघायला यायचा."

पूरा मल्हारगंज! कुणी आलं नव्हतं. आणि शिस्त मी लावली नव्हती. मी ती मोडली होती.

थांबा — असं एकदम नको. क्रमानं सांगतो.

संस्थानं जोडून केलेलं मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर मल्हारगंजात, गल्लीच्या तोंडाशी. वडील, म्हणजे दादा, होळकर सरकारच्या पागेत कारभारी होते. संस्थान गेलं, घोडे गेले, आणि दादांना एका कचेरीत जावक कारकून म्हणून बसवलं. ज्यांच्या हाताखाली घोड्यांची निगा राखणारे चाळीस मोतद्दार होते ते दादा लिफाफ्यांवर पत्ते लिहायला लागले. घरात त्याबद्दल बोलायची बंदी होती. पण पागेतून एक गोष्ट त्यांनी घरी आणली होती — पोपट. चांगला मोठा, खांद्यावर लाल ठिपका. नाव दिवाणजी. त्याला एकच वाक्य येत होतं, "मुजरा, सरकार."

आता हे ऐका आणि सांगा, हसायचं की रडायचं. रोज संध्याकाळी दादांचे चार-पाच दोस्त बैठकीला यायचे. सगळे जुने दरबारी. कुणी खासगीकडचा, कुणी शिकारखान्यातला. बाहेर त्यांना कुणी नमस्कारसुद्धा करेनासं झालं होतं. आमच्या दारातून आत पाऊल टाकलं की पोपट म्हणायचा, "मुजरा, सरकार." आणि ती म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून मान झुकवायची. पोपटापुढे! एखादा उशिरा आला तर त्याच्यासाठी पुन्हा म्हणायला लावायचे. पाखरू पेंगायला लागलं की काडीनं टोचायचे. पिंजऱ्याच्या बरोबर वर साठचा बल्ब — वीज नवीनच घेतली होती — आणि साडेदहापर्यंत हा दरबार. पोपट किती वाजता झोपतो हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांना मुजरा हवा होता.

दिवाणजींनी पिसं उपटायला सुरुवात केली. छाती उघडी पडली, कोंबडीसारखी. दिवसा फुगून बसायचे, मधेच कर्कश ओरडायचे. दादांनी मिरच्या दिल्या, बदाम दिले, कुणा वैद्याची पूड दिली. काही फरक पडला नाही.

त्यांना बरं केलं वहिनींनी.

थोरला भाऊ लग्नानंतर दोन वर्षांत विषमज्वरानं गेला. वहिनी तेव्हा एकवीस वर्षांच्या. माहेर महूचं, वडील रेल्वेत, क्वार्टर रुळाला लागून. त्यांच्याकडेही पोपट होता आणि इंजिनांच्या शिट्ट्यांनी त्याची अशीच दशा झाली होती. तेव्हा वडिलांनी काय केलं ते वहिनींनी पाहिलेलं. एका सकाळी पिंजऱ्याखालची पिसं गोळा करताना त्या आईला म्हणाल्या की याला आजार काही नाही, याची झोप होत नाही. आईनं ते दादांना सांगितलं. दादा हसले. पण दोन दिवसांनी दिवाणजी बैठकीत मुजऱ्याच्या जागी नुसते किंचाळले आणि सगळे अवघडून बसले. मग दादा म्हणाले, करून बघू दे तिला.

त्यांनी कसं केलं ते नीट लिहितो, कारण आमच्या घरात हे माझ्या नावावर चालतं.

आपल्या एका जुन्या गडद निळ्या लुगड्याची दुपदरी खोळ शिवली. खालून हवेला जागा, वरून नाडी. जागा निवडली धान्याच्या कोठीची. तिथे बल्ब नव्हता आणि रस्त्याचा आवाज येत नव्हता. पण एकदम नाही नेलं. पहिल्या दिवशी बैठकीतून पाव तास आधी उचललं, तिसऱ्या दिवशी आणखी पाव तास. असं सरकवत सरकवत महिन्याभरात दिवेलागणीवर आणून ठेवलं. खोळ घालण्याआधी खाण्याची वाटी काढायच्या, पाणी ठेवायच्या. तीन बाजू झाकून झाल्या की हळू आवाजात दोनच शब्द, "झोपा दिवाणजी." रोज तेच शब्द, तोच आवाज. मग चौथी बाजू झाकून नाडीची गाठ. पहाटे दूधवाल्याची हाळी आली की खोळ काढून पेरूची फोड. एक दिवस चुकलं नाही. अंगात ताप असताना चुकलं नाही.

दोन महिन्यांत छातीवर हिरवी लव आली. दादांनी बैठक दोस्ताच्या घरी हलवली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिकडे जायचे. आणि एके दिवशी चहा पिताना वहिनींकडे न बघता म्हणाले, "हिला अक्कल आहे." आमच्या घरात सुनेला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं. तेवढ्या धीरावर वहिनींनी अर्ज आणवला — शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा. घरच्या वडीलधाऱ्यांची सही लागत होती. दादा म्हणाले, ठेव, दिवाळीनंतर करू. अर्ज त्यांच्या फडताळात गेला. वहिनी त्या दिवसांत पोळ्या लाटताना पाढे म्हणायच्या. हळूच, स्वतःशी. मी ऐकलेत.

आता माझं.

मी बावीस वर्षांचा होतो, एका सरकारी कचेरीत टेंपररी. इंदूरच्या नोकरांची यादी आणि ग्वाल्हेरच्या नोकरांची यादी एक होत होती. कोण कायम होणार, कोण घरी जाणार, सगळं साहेबाच्या हातात. साहेब ग्वाल्हेरचे. आमचं ते शिंदे-होळकरांचं जुनं वाकडं तुम्हाला माहीत असेल. दादा तर ग्वाल्हेरच्या माणसाला पाणी देतानाही कपाळाला आठी घालायचे. मी कचेरीत बढाई मारली की आमच्याकडे दरबारी पोपट आहे, मुजरा करतो. साहेब म्हणाले, "अच्छा? तो हमें भी मिलवाओ भिया."

मी त्यांना मंगळवारी बोलावलं. दादा बैठकीला, आई रोजच्यासारखी देवळात पुराणाला. साहेब साडेसातला आले. दिवाणजी झोपून तास होऊन गेला होता. मी कोठीतून पिंजरा आणला, खोळ काढली, बल्ब लावला, काडीनं टोचलं. पाखरू गोंधळून डोळे मिटत उघडत राहिलं आणि मग म्हणालं, "मुजरा, सरकार." साहेबांनी छातीवर हात ठेवला. अगदी त्या म्हाताऱ्यांसारखा! माणसं सगळीकडची सारखीच.

ते खूश झाले. शुक्रवारी पुन्हा आले. मग बायकोला घेऊन, मग मेहुण्याला. दीड महिना हे चाललं. पोहे वहिनीच करून देत होत्या. पहिल्या दिवशी साहेब गेल्यावर मी त्यांना म्हणालो होतो, दादांना सांगू नका. होळकरांच्या पागेतला पोपट ग्वाल्हेरवाल्याला मुजरा करतो हे दादांना कळलं असतं तर त्यांनी मला उभा चिरला असता. वहिनी म्हणाल्या, नाही सांगत, पण लवकर झाका त्याला. दर वेळी एवढंच म्हणायच्या. मी लवकर झाकलं का? नाही. साहेब हसत होते, मी हसत होतो.

पिसं पुन्हा पडायला लागली. एका सकाळी दादांनी पिंजऱ्यात बोट घातलं तर दिवाणजींनी रक्त काढलं. दादांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं. बोटाला फडकं गुंडाळलेलं. म्हणाले, हा चांगला होता, याला संध्याकाळी कोण उठवतं?

आई म्हणाली, कोण उठवणार. मग वहिनींकडे बघून म्हणाली, "जिला मूलबाळ नाही ती पाखराशी बोलत बसत असेल."

नुसता टोमणा होता. आईच्या तोंडून असे दिवसाला चार निघायचे. तो तिथेच विरला असता. मी गप्प राहिलो असतो तरी विरला असता — हे मला इतक्या वर्षांत हजार वेळा दिसलंय. पण मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, "हो दादा. वहिनी कोठीत जाऊन खोळ काढतात. त्याच्याशी बोलत बसतात. मी पाहिलंय."

मी पाहिलंय! ते दोन शब्द कशाला जोडले? कुणी मागितले होते?

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी मला शब्द दिला होता, आणि त्यांनी तो पाळला. माझ्यासाठी, आत्ता मी त्यांच्यावर ढकललं त्याच गोष्टीसाठी पाळला. त्या फक्त खाली वाकून पडलेली पिसं वेचायला लागल्या. आणि दादांनी त्याचा अर्थ कबुली असा घेतला. वर त्यांनी स्वतः लावलेलं गणित बघा: बाई अंधारात पाखराशी बोलते, म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, डोकं ठिकाणावर नाही, तर ट्रेनिंग कसलं. ज्या म्हाताऱ्यांनी दोन वर्षं पोपटाकडून मुजरे घेतले त्यांची डोकी मात्र ठिकाणावर होती! वहिनींच्या भावाला पत्र गेलं. थोडे दिवस महूला राहू दे, म्हणाले. ते थोडे दिवस एकतीस वर्षं चालले.

टांगा दारात आला तेव्हा दिवेलागण होत होती. वहिनींनी ट्रंक बाहेर ठेवली आणि परत आत आल्या, कोठीत. मला हाक मारली. मला वाटलं, आता खरं काय ते सुनावणार. मला ते हवं होतं की काय, कोण जाणे. त्यांनी खोळ घातली, "झोपा दिवाणजी" म्हणाल्या आणि नाडी माझ्या हातात दिली.

"भाऊजी, तुमची गाठ सैल बसते. मांजर ओढेल. ही अशी, दोनदा फिरवून. बांधा बघू."

मी बांधली. त्यांनी ओढून पाहिली. म्हणाल्या, "रोज दिवेलागणीला. चुकवू नका." आणि गेल्या.

मी कायम झालो. साहेबांना सांगितलं की पोपट आजारी आहे. ते विसरूनही गेले. मी रोज दिवेलागणीला खोळ घालत राहिलो, एकोणीस वर्षं. दिवाणजी बरे झाले, म्हातारे झाले, आणि एका पहाटे खोळ काढली तर खाली पडलेले होते. तोवर घरात गोष्ट तयार झाली होती: वहिनीच्या वेडेपणानं पोपट मरायला टेकला होता, धाकट्यानं शिस्त लावून वाचवला. आई हे सांगायची, मग माझी बायको सांगायला लागली, आता मुलगा सांगतो. मी दर वेळी समोर असायचो. दर वेळी चहा पीत असायचो.

लग्नाकार्यात वहिनी भेटायच्या. भावाच्या घरी स्वयंपाक बघायच्या, भाच्यांना पाढे शिकवायच्या. दिवाणजी होते तोवर भेटल्या की विचारायच्या, "दिवाणजी वेळेवर झोपतात ना?" मी हो म्हणायचो. ते खरं होतं. त्यांच्याशी मी बोललेलं तेवढंच खरं. त्या गेल्या तेव्हा तेराव्याला महूला गेलो आणि पंगतीत बसून जेवून आलो.

म्हणून रविवारी संताप आला. मुलावर नाही, त्याला मी जे ऐकू दिलं तेच तो बोलला. नातीनं जुन्या चादरीची खोळ केली होती. मी सवयीनं दोनदा फिरवून गाठ बांधली. तिनं मोबाइलवर माझ्या हातांचा फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, आजोबांची गाठ. तासाभरात बावीस जणांनी हात जोडले.

दादा गेल्यावर त्यांचं फडताळ मी आवरलं होतं. तळाशी तो अर्ज होता. सहीची जागा कोरी. वरच्या ओळीत वहिनींनी आपलं नाव लिहिलेलं, ठळक, एकेक अक्षर सुटं, फळ्यावर लिहावं तसं. आमच्या घरात ते नाव कुणी घेत नसे, सगळ्यांची वहिनी किंवा सूनबाई. सुमती. मी तो अर्ज तेव्हा कुणाला दाखवला नाही. माझ्या पेटीत, सगळ्या कागदांच्या खाली सरकवून ठेवला.

काल तो काढला. हे लिहिलेले कागद त्यालाच टाचतो आहे, आणि पेटीला आता कुलूप लावत नाही.